बाबांचा अख्खा ट्रॅक

वडिलांच्या पहिल्या स्मृतिदिनाला त्यांनी स्वतः बनवलेला एक ट्रॅक वाजवायचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधे कोणी न बोलता. माझं म्हणणं एवढंच होतं. चिखलीतल्या आमच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरवरून रोज यापेक्षा मोठ्या मागण्या होतात आणि मान्यही होतात. त्यामुळे हे एका संध्याकाळचं काम आहे, असा माझा समज होता. मी रावेतला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. माझ्या पाठीमागे 'शांतता राखा' असा फलक आहे आणि समज करून घ्यायला भरपूर वेळ आहे.

आधी ट्रॅकविषयी. त्याचं नाव 'सेकंड शिफ्ट'. लांबी वीसेक मिनिटं. प्रकार ट्रान्स, म्हणजे यंत्रावर बनवलेलं संगीत. त्यात शब्द नाहीत, गायक नाही, ढोलकी नाही, नवरा-नवरीचं नाव घालायला जागा नाही. एक ठोका सुरू होतो आणि चालू राहतो; त्यावर हळूहळू एकेक सूर चढत जातो. घाईतल्या माणसाने ऐकायची ही वस्तू नव्हे, आणि पिंपरी-चिंचवडमध्ये घाईत नसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

बाबा, म्हणजे किसन सोनकांबळे, चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला होते. तिथे पत्रा ठोकून मोटारींचे दरवाजे काढत. एकदा नवी प्रेस बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला. तो कानात सदैव इअरफोन घालून असे आणि काम करताना मान हलवत असे. शॉपमध्ये सगळ्यांना वाटलं, बिचाऱ्याला मानेचा काहीतरी आजार आहे. जेवणाच्या सुट्टीत त्याने एक इअरफोन बाबांच्या कानात घातला. बाबांनी घास हातात धरून थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "साहब, ये तो अपना ही शॉप है. बस इसमें सुपरवायझर नहीं है." बाबांचा आणि ट्रान्सचा प्रवास सुरू झाला तो असा. इतरांच्या बाबतीत म्हणे हे गोव्याला, समुद्रकिनारी वगैरे होतं. बाबांच्या बाबतीत ते चाकणला, दोडक्याची भाजी खाताना झालं.

पुढे कंपनीने त्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कंपनीची होती. त्या पैशांत बाबांच्या सोबत्यांपैकी कोणी फ्लॅट घेतला, कोणी टेम्पो घेतला, एकाने पिठाची गिरणी टाकली. बाबांनी स्पीकर घेतले आणि 'डीजे किसन' असा बोर्ड रंगवून आणला. आई, म्हणजे नीला, त्यानंतर बरेच महिने त्यांच्याशी फक्त घडामोडींच्या स्वरूपात बोलायची. "जेवण झालंय." "पाणी आलंय." "बेडरूममध्ये स्पीकर आलेत."

लग्नात, हळदीला, जयंतीला बाबा लोकांना हवं ते वाजवत. पण कार्यक्रम रंगात आला की हळूच मधे ट्रान्स लावत. मग आधी पोरं नाचायची थांबत. मग बायका हळदीची वाटी घेऊन घरात जात. आणि मग नवऱ्याचा मामा येई. मामा हा ट्रान्सचा नैसर्गिक शत्रू आहे, असं माझं त्या काळातलं निरीक्षण आहे. तो येऊन म्हणे, "ओ डीजे, मशीन अडकलंय तुमचं." बाबा म्हणत, "अडकलं नाही मामा, चालायलंय." मामाला ते पटत नसे. कारण मामाच्या मते चाललेल्या गोष्टीत काहीतरी घडायला हवं.

'सेकंड शिफ्ट' त्यांनी माझ्या जुन्या लॅपटॉपवर बनवला. घरी लावला की बेल वाजे, मिक्सर सुरू होई, वीज जाई. बाहेर लावला की मामा येई. असा तो ट्रॅक त्यांच्या हयातीत एकदाही पूर्ण वाजला नाही. आणि हयात एका सकाळी दवाखान्यात संपली, अजिबात गाजावाजा न होता. ज्या माणसाने गाजावाजाचाच धंदा केला, त्याला हे शोभलं नाही, असं मला अजूनही वाटतं.

आमच्यात वर्षाच्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करतात. भंतेजी येतात, वंदना होते, ते चार शब्द सांगतात, मग नातेवाईक गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलतात आणि मग सगळे जेवतात. शेवटच्या दोन गोष्टींच्या मधे ट्रान्स लावल्याचं उदाहरण आमच्या नात्यात नव्हतं. मी आईला विचारलं तेव्हा ती उशांचे अभ्रे काढत होती.

"आई, बाबांचा ट्रॅक लावायचा म्हणते कार्यक्रमात. पूर्ण."

"भंतेजींसमोर?"

"वंदना झाल्यावर. जेवणाच्या आधी."

तिने दोन अभ्रे काढले. मग म्हणाली, "लाव. पण मधेच बंद करायची वेळ येणार असेल तर लावूच नको. ते मी लई वेळा बघितलंय. आता नको."

परवानगीला जोडलेली ही अट मला तेव्हा किरकोळ वाटली.

समोरच्या दारातल्या शालनबाईंना ही बातमी मी सांगितली नव्हती, त्यामुळे ती त्यांना लगेच कळली. त्या आल्या, बसल्या आणि काळजीने म्हणाल्या, "मैत्री, गाण्यात म्हणे शब्दच नाहीत?"

"नाहीत."

"मग लोकांनी रडायचं कशावर?"

हा प्रश्न मी वाचलेल्या सौंदर्यशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात इतका थेट आलेला नाही. शालनबाईंनी तोडगाही आणला होता. "आधी एक भीमगीत लाव, शेवटी एक भीमगीत लाव, आणि मधे तुझं ते घाल. लहान पोराला गोळी केळ्यात घालून देतात ना, तसं. आणि मधून मधून 'किसनराव अमर रहे' असं म्हणून घे कोणाकडून तरी. विक्कीचा आवाज चांगलाय."

विक्की हा बाबांच्या हाताखाली तयार झालेला, आता स्वतःचा ट्रक आणि स्वतःची बायकामुलं असलेला साउंडवाला. त्याच्याविषयी पुढे सांगते. त्याने केलेलं नुकसानही पुढेच आहे.

दुसरी अडचण समाधानकाका. हे बाबांचे धाकटे भाऊ. पालिकेतून निवृत्त झाल्यापासून ते पूर्ण वेळ श्रद्धांजली वाहतात. त्यांनी आजवर इतक्या लोकांना श्रद्धांजली वाहिली आहे की आमच्या भागातली आजारी माणसं त्यांना भेटायला बोलावत नाहीत. काकांनी नऊ वक्ते ठरवून टाकले होते आणि दहावे ते स्वतः होते.

"ट्रॅकला माझा विरोध नाही," ते म्हणाले. "दादाची कला आहे ती. खाली बारीक आवाजात चालू दे, वर मी बोलतो. पार्श्वसंगीत."

"काका, तो पूर्ण ऐकायचा आहे."

"ऐकू की. माझ्याबरोबर ऐकू."

"तुम्ही बोलत असताना नाही."

काका दुखावले. माझ्या वडिलांचा सख्खा भाऊ मी दुखावला, हे आईच्या माहेरापर्यंत संध्याकाळीच पोचलं. शेवटी तह झाला. वक्ते तीनवर आले आणि मोबदल्यात सूत्रसंचालन काकांकडे गेलं. म्हणजे माइक दिवसभर त्यांच्या हातात राहणार होता. युद्धात जिंकून तहात हरणं म्हणतात ते कसं असतं, हे मला पुढे नीट कळलं.

आता सोसायटीचा हॉल. आमचे चेअरमन उद्धवराव. ही सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती एकेकाळी त्यांची ज्वारीची पट्टी होती, त्यामुळे ते पार्किंगमधून चालताना अजूनही बांधावरून चालल्यासारखे चालतात. माझा अर्ज त्यांनी चष्मा कपाळावर ठेवून वाचला.

"आता बघ पोरी," ते म्हणाले, "आमच्यात म्हातारं गेलं तर भजन असतंय. तुमच्यात वंदना असती. डीजे कुणाच्यातच न्हाई."

"डीजे नाही काका. एक ट्रॅक आहे. दोन स्पीकर."

"त्येच ते. सोसायटीत डीजेला बंदी हाय. ठराव झालाय. आणि त्या ठरावाला अनुमोदन कुणी दिलंय ठावं हाय का? तुझ्या बापानं."

मला हे ठाऊक नव्हतं. उद्धवरावांनी खुलासा केला. कोणाच्या तरी हळदीला बाहेरच्या पोरांनी स्पीकर इतके वाईट लावले होते की बाबा दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, वाजवायचं तर नीट वाजवा, नाहीतर बंद करा. यातलं 'नाहीतर बंद करा' एवढंच मंजूर झालं.

"मग आता?" मी विचारलं.

उद्धवराव विचारात पडले. मनाने ते वाईट नाहीत. फक्त नियमाशिवाय त्यांना झोप लागत नाही. "असं कर," ते म्हणाले, "अर्जात डीजे नको लिहू. 'ध्वनिमुद्रित श्रद्धांजली' असं लिही. त्याला बंदी न्हाई. आणि पोलिसांचा कागद आण, म्हंजे माझ्यावर काय येत न्हाई."

पोलिसांकडे स्पीकरच्या परवानगीसाठी एक हवालदार बसले होते. मी ग्रंथालयातून अर्धी रजा घेऊन गेले होते आणि स्वच्छ, मुद्देसूद अर्ज लिहून नेला होता.

"प्रकार काय? लग्न, मिरवणूक, सप्ताह?"

"स्मृतिदिन."

"मग साउंड कशाला?"

"वडील डीजे होते. त्यांचा ट्रॅक वाजवायचा आहे."

"बरं. डीजेचं नाव?"

"किसन सोनकांबळे."

"त्यांना सहीला बोलवा."

"त्यांचाच स्मृतिदिन आहे."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. मग एकदम त्यांना काहीतरी आठवलं. "सोनकांबळे म्हणजे ते चिखलीचे? अहो, ते मला माहीत आहेत! त्यांनी एका जयंतीला मधेच ते नुसतं ठक-ठक लावलं होतं. पोरं म्हणाली गाणं लावा, ते म्हणाले ऐका जरा. पोरं वैतागून पुढं चालत गेली, ट्रक मागं राहिला. एका मिरवणुकीच्या दोन मिरवणुका झाल्या मॅडम. एक माणसांची, एक ट्रकची. दोन्हीकडं बंदोबस्त मी एकट्यानं लावला."

बाबांनी ही हकीकत घरी "आज जरा वेगळं वाजवलं" अशी सांगितली होती.

"चांगला माणूस," हवालदार म्हणाले. "ट्रकवरून उतरून मला पाणी दिलं होतं." त्यांनी पुन्हा पेन उचललं. "पण वाजवणारं कोणीतरी जिवंत लागतं. नियम आहे. तुमचं नाव टाकतो." आणि कागदावर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: डीजे - मैत्री किसन सोनकांबळे. वर मला बजावलं, "आवाज मर्यादेत ठेवायचा. तुम्ही डीजे लोक ऐकत नाही."

तो कागद उद्धवरावांनी स्वतःच्या सुरक्षिततेसाठी नोटीस बोर्डावर लावला. दुसऱ्या दिवसापासून दूधवाला मला "डीजेताई" म्हणू लागला. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी मुंजीच्या तारखेविषयी विचारणा केली. मी ग्रंथपाल आहे, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "हो हो, दिवसा काहीतरी करावंच लागतं."

आता विक्की. मी त्याला फोनवर दोन लहान स्पीकर सांगितले होते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी तो अख्खा ट्रक घेऊन आला. ट्रकवर स्पीकरची भिंत होती आणि भिंतीवर लाइट.

"विक्की, हे काय? दोन सांगितले होते."

"ताई, दादांचा कार्यक्रम हाय. दोन डबडी घेऊन आलो असतो तर दादांनी वरून शिव्या घातल्या असत्या."

"बाबा वर वगैरे काही मानत नव्हते."

"मग जिथं असतील तिथून. पण घातल्या असत्या."

या युक्तिवादावर मी उत्तर शोधत असतानाच ट्रक सोसायटीच्या गेटवरच्या स्वागत-कमानीत अडकला. पुढे जाईना, मागे येईना. मागे शाळेची बस उभी राहिली. बसच्या मागे पाण्याचा टँकर. टँकर अडलाय ही बातमी वरच्या मजल्यांपर्यंत गेली आणि गॅलऱ्यांमध्ये माणसं आली. अंगाला साबण लागलेले एक गृहस्थ पंच्यावर खाली उतरले. मी बोलायच्या आत कोणीतरी ओरडलं, "डीजेताईंना बोलवा!"

उद्धवराव आले. त्यांनी कमानीकडे पाहिलं, ट्रकच्या चाकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हवा सोड."

चाकांतली हवा सोडली. ट्रक वीतभर खाली बसला आणि फसकन आत आला. टाळ्या पडल्या. टाळ्या संपल्यावर लक्षात आलं की हवा गेलेला ट्रक आता सोसायटीच्या आत, बरोबर टँकरच्या जागेवर उभा आहे आणि तिथून हलू शकत नाही. त्या दिवशी आमच्या सोसायटीने पाणी बादल्यांनी वाहिलं. माणसं बादली घेऊन माझ्यासमोरून जात आणि "चालू द्या तुमचं" म्हणत. शालनबाई म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, केळ्यात घालून दे."

ट्रक आलाच आहे तर चांगले दोन बेस, म्हणजे घुमणारे मोठे स्पीकर, आत घेऊ, असं विक्कीने परस्पर ठरवलं. एकेक बेस कपाटाएवढा होता. मी त्यावर पांढऱ्या चादरी टाकल्या, म्हणजे प्रसंगाला शोभतील. तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्त्या, फुलं, फळं एका टेबलावर मांडली. टेबल भरलं. बाबांच्या फोटोला जागा उरली नाही, तेव्हा आईने तो उचलून एका बेसवर ठेवला आणि म्हणाली, "बसू दे तिथंच. आयुष्यभर त्याच्यावरच बसलेत."

कार्यक्रमाला हॉल भरला. सगळे पांढऱ्या कपड्यांत. पहिल्या रांगेत उद्धवराव, कडक इस्त्रीची टोपी घालून. वंदना झाली. भंतेजींनी अनित्यतेवर थोडक्यात आणि छान सांगितलं. तीन वक्ते बोलले. त्यातल्या एकाने बाबांचं नाव दोनदा किशोर असं घेतलं. मग काकांनी माइकवरून जाहीर केलं, "आता ध्वनिमुद्रित श्रद्धांजली!" आणि विक्कीने 'सेकंड शिफ्ट' लावला.

ठोका सुरू झाला. लोकांनी नम्रपणे वाट पाहिली. ठोका चालू राहिला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मागून कोणीतरी विचारलं, "सुरू कधी होणार?" आणि दुसरं कोणीतरी म्हणालं, "टेस्टिंग चाललंय." बेसवर ठेवलेला बाबांचा फोटो प्रत्येक ठोक्याला बोटभर पुढे सरकत होता. तो कडेला आला तेव्हा शालनबाई उठल्या, बेसच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि रिक्षात पिशवी धरतात तसा त्यांनी तो एका हाताने धरून ठेवला.

आणि मग माझा सख्खा मामा उठला.

मी त्याला येताना पाहिलं. तो मधल्या वाटेने चालत विक्कीपर्यंत आला, वाकला आणि म्हणाला, "अरे, मशीन अडकलंय का?"

"न्हाई मामा. चाललंय."

"तेच तेच वाजतंय."

"दादा," आई पहिल्या रांगेतून म्हणाली. आवाज चढवून नव्हे. "खाली बस."

मामा बसला. सूर एकेक करून येत होते. पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा एक, दूरच्या भोंग्यासारखा एक. लोकांच्या चेहऱ्यावर अजून सौजन्यच होतं, पण चुळबुळ थांबली होती. मला वाटलं, आता जाईल शेवटपर्यंत.

तेवढ्यात ठोका बंद झाला.

तो बंद होणारच होता. ट्रान्समध्ये मधे एक जागा अशी ठेवतात की ठोका पूर्ण काढून घ्यायचा आणि एकच लांब सूर अधांतरी सोडायचा. ऐकणाऱ्याला काहीतरी हरवल्यासारखं झालं पाहिजे. बाबांनी ही जागा बरीच लांब ठेवली होती. हॉलमध्ये पंख्यांची घरघर ऐकू येऊ लागली.

उद्धवराव उठून उभे राहिले. त्यांनी टोपी नीट केली, हात पुढे बांधले आणि मान खाली घातली.

त्यांच्यामागची रांग उठली. त्यामागची उठली. खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले आणि क्षणभरात अख्खा हॉल माना खाली घालून उभा होता. आमच्याकडे शोकसभेत अचानक शांतता झाली की काय करायचं हे कोणाला सांगावं लागत नाही. शाळेत असल्यापासून आपण थोरांसाठी, शहिदांसाठी, अपघातात गेलेल्यांसाठी उभे राहत आलो आहोत. पायांना सवय आहे. हे काकांच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं, पण सभा आपल्या पुढे गेलेली काका खपवून घेणाऱ्यांतले नव्हेत. ते हलक्या आवाजात माइकवर म्हणाले, "सर्वांनी आपापल्या जागी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून आदरांजली वाहावी." आणि घड्याळ लावून तेही उभे राहिले.

विक्की माझ्या कानाशी आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"ताई, लोक उभे राहिले."

"दिसतंय मला."

"आता ठोका परत येणार हाय. लई जोरात येणार. दादांनी इथं सगळा बेस एकदम सोडलाय. ही माणसं डोळे मिटून उभी हायती ओ. म्हातारी माणसं हायती." त्याचा हात बटणावर होता. "बारीक करू? का बंदच करू?"

मी हॉलकडे पाहिलं. शंभरेक माणसं माझ्या वडिलांसाठी गप्प उभी होती. भंतेजींचे डोळे मिटलेले. इतक्या मनापासून शांत झालेल्या माणसांच्या अंगावर बेस सोडणं हे शोभणारं नव्हतं. नात्यात पुढची वीस वर्षं ते बोललं गेलं असतं, आणि मी तर हुद्द्यानेच शांततेची राखणदार. एवढ्या लोकांत मान खाली न घातलेली एकच व्यक्ती होती. आई. ती सरळ माझ्याकडे बघत होती, आणि तिला काय दिसतंय हे मला कळलं. बटणावर कोणाचा तरी हात.

"हात काढ," मी विक्कीला म्हटलं.

सूर चढू लागला. उद्धवरावांनी एक डोळा उघडला. सूर आणखी चढला. काकांनी घड्याळावरून नजर वर केली. आणखी चढला, इतका की आता काय होणार म्हणून माणसं आपापल्या खुर्चीची पाठ धरू लागली, आणि मग ठोका आला.

तो जमिनीतून आला. चादरी फुगल्या. पार्किंगमधल्या गाड्या एकापाठोपाठ एक ओरडायला लागल्या. शालनबाईंनी बाबांचा फोटो दोन्ही हातांनी छातीशी धरला. भंतेजींनी डोळे उघडले, समोर पाहिलं आणि शांतपणे पुन्हा मिटले.

बसलं मात्र कोणी नाही. स्तब्धतेला उभं राहिलेला माणूस माइकवरून "बसून घ्या" म्हटल्याशिवाय बसत नाही. तो उद्धटपणा होतो. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी माइक तोंडाशी नेला. आईने पुढे होऊन त्यावर तळहात ठेवला.

"भावजी, थांबा. चालू आहे त्यांचं."

काका थांबले. मी त्यांना चालू माइकसमोर गप्प राहिलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग सगळे उभे राहूनच ऐकत राहिले. नाचलं कोणीही नाही. नाचले असं सांगितलं तर ते खोटं होईल, आणि उद्धवराव नाकारतीलही. पण त्यांची मान हलत होती. ते हलवत नव्हते, हलत होती. मामाची टाच उचलली जाऊन खाली पडत होती आणि तो तिच्याकडे परक्याची असल्यासारखा पाहत होता. मागच्या रांगेत बाबांचे चाकणचे सोबती होते. त्यातला एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "ऐकलास का? हा आपल्या तीन नंबर प्रेसचा आवाज." आणि शेजारी म्हणाला, "गप ना, ऐकू दे."

आई ऐकत होती. डोळ्याला पदर नाही, काही नाही. मापात फसवणूक होऊ नये म्हणून तराजूकडे बघावं तशी, पूर्ण लक्ष देऊन.

हळूहळू एकेक सूर निघून गेला. भोंग्यासारखा गेला, पत्र्यासारखा गेला. नुसता ठोका राहिला.

"संपलं?" आईने विचारलं.

"सूर संपले, काकू," विक्की म्हणाला. "शेवटी असा नुसता ठोका ठेवतात. पुढचा डीजे असतो ना, त्याला त्याच्यावर आपलं जोडता यावं म्हणून. दादांनी नीट ठेवलाय."

"मग थांबणार कधी?"

"तो आता मी परत परत फिरवत ठेवलाय. ताई म्हणतील तेव्हा बंद करतो."

आईने मान डोलावली. "असा शेवट आहे होय," ती म्हणाली. मग तिने माइकवरचा हात काढला.

काकांनी माइक माझ्यापुढे धरला. "मैत्री, तूच म्हण आता. बसून घ्या म्हण. माणसं कधीची उभी आहेत." दारात आचारी झारा हातात घेऊन उभा होता आणि मला खुणा करत होता.

मी माइक घेतला. ट्रॅक पूर्ण वाजला होता. कोणी तो मधे थांबवला नव्हता. आता फक्त दोन शब्द बोलायचे होते. ते बोलले की माणसं बसणार, पानं वाढली जाणार, चाकांत हवा भरून ट्रक जाणार आणि टँकर आत येणार. सगळे माझ्याकडे बघत होते. ठोका चालू होता.

मी आणखी थोडा वेळ कोणाला बसा म्हटलं नाही.